खड्डे चुकवत

त्या शुक्रवारी नवरा ऑफिसातून नेहमीपेक्षा उशिरा आला आणि चष्म्यापासून बुटांपर्यंत धुळीने माखलेला होता. "कुठे होतास?" विचारलं तर म्हणाला, "रस्ते बघत होतो." विरार स्टेशनला उतरून, स्कूटर काढून, घरी फुलपाड्याला यायच्या ऐवजी हा गृहस्थ पूल ओलांडून पश्चिमेला गेला होता. अर्नाळ्याच्या वाटेवर कुठे नवीन डांबर पडलंय, वसईकडे जाताना कुठे खडी उखडलीय, कुठला गतिरोधक पाठीचे मणके मोजतो, हे सगळं पाहून आला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं शनिवार-रविवार फिरणार होतो. माणसं फिरायला जाताना समुद्र बघतात, जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारतात. माझ्या नवऱ्याने खड्डे बघितले. जिथपर्यंतचा रस्ता गुळगुळीत ते ठिकाण पास, बाकीची नापास. इतकी वर्षं वसई-विरारमध्ये राहून आम्ही धड काही पाहिलेलं नव्हतं, कारण सुट्टीच्या दिवशी आम्हाला फक्त झोपायचं असे. आता पाहायचं ठरवलं, तर ठिकाणं निवडणार डांबर.

याला कारण होतं. डॉक्टरांनी माझ्या पोटात गर्भ सोडला होता आणि तो रुजला की नाही हे सोमवारी सकाळी रक्त तपासून कळणार होतं. हा आमचा तिसरा प्रयत्न. याच्यापुढे नाही, हे आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. माझं शरीर इंजेक्शनांना कंटाळलं होतं आणि माझे हाल त्याला बघवत नव्हते. म्हणजे सोमवारी एक तर आम्ही आईबाप व्हायच्या रांगेत उभे राहणार होतो, नाही तर ती रांग कायमची सोडणार होतो.

मागच्या दोन्ही वेळी मी पलंगावरून उठले नव्हते. छताकडे बघत पडून राहिले, शिंक आली तरी दाबली, आणि तरीही व्हायचं तेच झालं. या खेपेला दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "झोपून काही होत नाही, मॅडम. घरात बसून स्वतःचं डोकं खाऊ नका. जरा फिरा, छान राहा." छान राहा, हे त्या अशा सांगतात की जणू तेही मेडिकलमध्ये मिळतं.

मी शिकलेली बाई आहे, बँकेत लोकांना व्याजाचे हिशेब समजावून सांगते. पण गर्भ सोडला त्या संध्याकाळी मी कपाटातला पॅडचा पुडा उचलला आणि शेजारच्या काकूंना देऊन आले. ती वस्तू घरात असली की पाळीला आमंत्रण दिल्यासारखं होतं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. काकूंनी पुडा उलटसुलट करून पाहिला.

"अगं, माझं बंद होऊन किती वर्षं झाली. मी काय करू याचं?"

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुडा आत नेऊन ठेवला. काही विचारलं नाही. आमच्या मजल्यावर एवढा शहाणपणा फक्त त्यांच्याकडे आहे.

नवऱ्याचे तोडगे वेगळे होते. चहा बंद, त्याऐवजी दूध. पपईचं नाव काढायचं नाही. जीवदानीला जाऊन येऊ या का, असं मी विचारलं तर म्हणाला, "देवी डोंगरावर बसलीय, तिला आपली खिडकी दिसते." आणि रस्ते. आमच्या इमारतीकडे येणाऱ्या सरळ रस्त्यावर एक भलामोठा खड्डा आहे, त्याला बिल्डिंगमधले सगळे 'तळं' म्हणतात. पावसाळा संपून कितीही महिने झाले तरी नाव तेच. एरवी नवरा त्यातून धाडकन जायचा आणि वर कुणाला तरी शिव्या घालायचा. गर्भ सोडल्यापासून त्याने तो रस्ताच टाकला होता. शाळेमागच्या गल्लीतून वळसा घालून तो मला असा घरी आणायचा की जणू हातात अंड्यांचा ट्रे आहे.

शनिवारी सकाळी त्याने सोफ्यावरची उशी माझ्या जुन्या ओढणीने स्कूटरच्या मागच्या सीटला बांधली. रिक्षा हाडं खिळखिळी करते म्हणून स्कूटर, आणि स्कूटर कडक म्हणून उशी. खालचा वॉचमन हे सगळं शांतपणे बघत होता. मला इतकी लाज वाटली की मी कानटोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली.

विरारची थंडी तशी चार दिवसांची पाहुणी. लोक कौतुकाने स्वेटर बाहेर काढतात आणि ऊन चढलं की कमरेला बांधून फिरतात. पण त्या सकाळी आगाशीच्या पुढे वाड्यांमधून वारा येत होता तो खरंच बोचरा होता. स्कूटर इतकी हळू चालली होती की मागून सायकलवर आलेला एक जण आम्हाला ओलांडताना म्हणाला, "काय दादा, पेट्रोल संपलं का?" नवऱ्याने त्याला हात केला. एरवी असं कुणी बोललं असतं तर त्याने भांडण काढलं असतं. तो खूश होता, आणि त्याची खुशी बघून मला भीती वाटत होती. मागच्या दोन्ही वेळी माझं रडणं तासाभरात उरकलं होतं. त्याचं मात्र आठवडाभर घरातले नळ दुरुस्त करणं चाललं होतं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, लांबच्या लांब. समोर पाण्यात बेट, बेटावर किल्ला. तिकडे जाणारी होडी माणसं भरत होती, बायका साड्या वर धरून गुडघाभर पाण्यातून तिच्याकडे चालल्या होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, मग होडीच्या हेलकाव्यांकडे.

"किल्ला इथूनही छान दिसतो," तो म्हणाला.

मी काही म्हणणार, तेवढ्यात वारा फिरला आणि बोंबलांचा वास अंगावर आला. इथे एक सांगायला हवं. मी कोकणातली. सुक्या मासळीच्या वासाने मला भूक लागते, लहानपणापासून. नवरा साताऱ्याकडचा, त्याला मटणाचा रस्सा द्या आणि मासे राहू द्या. घरी सुकट भाजली की तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. आणि त्या दिवशी तो नीट उभा होता आणि मला मळमळलं. तोंडात आंबट पाणी आलं, मी होडीच्या काठाला धरून खाली वाकले.

बोंबील पालथे घालत असलेली एक म्हातारी काम सोडून माझ्यापाशी आली. तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता आणि हातांना खारट वास. "वाऱ्याच्या या अंगाला बस, बाय," म्हणत तिने मला धरून होडीच्या आडोशाला बसवलं. "पानी पी जरा." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "कितवा महिना?"

माझ्या आईला, सासूला, कुणाला आम्ही पत्ता लागू दिला नव्हता. तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नाही हे तर आहेच, आणि आमच्याकडे तर बोलण्यासारखं अजून काही नव्हतंही.

"सोमवारी कळेल," नवरा म्हणाला. एका अनोळखी बाईला त्याने ते सरळ सांगून टाकलं आणि कानापर्यंत लाल झाला.

म्हातारी हसली. "सोमवार कशाला पायजे? मना आताच कलला." ओल्या हाताने माझ्या डोक्यावरून बोटं फिरवून ती परत बोंबलांकडे गेली.

त्यानंतर आम्ही वाळूत कितीतरी वेळ बसलो. ऊन चांगलं लागत होतं. मळमळ थांबली होती, आणि ती परत यावी म्हणून मी मुद्दाम वाऱ्याच्या दिशेला तोंड करून श्वास घेत होते. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता. नवरा म्हणाला, "होडीने पुढच्या वर्षी जाऊ." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तान्हं असेल, त्याला घेऊन कुठे गुडघाभर पाण्यातून?" तो म्हणाला, "मग त्याच्या पुढच्या वर्षी. खांद्यावर घेईन." तोंडातून शब्द गेल्यावर दोघंही घाबरलो. इतके दिवस आम्ही ते बोलणं टाळलं होतं. त्याने विषय बदलून वडापावचा काढला, पण त्याच्या पायांनी वाळूत उगाच खड्डा केला आणि लगेच बुजवला, तेवढं मी पाहिलं.

घरी येताना वळसा घालूनच आलो. संध्याकाळी त्याने खिचडी केली, करपलेली. ती मी चाटूनपुसून खाल्ली.

रविवारी सकाळी मी बाथरूममध्ये गेले आणि मला डाग दिसला.

आधी मी तो गुलाबी आहे असं स्वतःला सांगितलं. मग दिवा लावून पाहिलं. खाली बादली पालथी घालून तिच्यावर बसले. तिथूनच सिस्टरना मेसेज केला. त्यांचं उत्तर लगेच आलं: औषधं चालू ठेवा, उद्या तपासणीला या. अशा वेळी त्यांना दुसरं काय लिहिता येणार. मागच्या दोन्ही वेळी हेच उत्तर आलं होतं आणि डागाची सुरुवातही अशीच झाली होती. माझ्या कमरेत ती ओळखीची कळ सुरू झाली होती. कालच्या मळमळीचं कारण रिकामं पोट आणि रोजच्या त्या हार्मोनच्या गोळ्या, हेही मला त्या बादलीवर बसल्या बसल्या कळून चुकलं.

बाहेरून त्याचा आवाज आला. "झालं का तुझं? वसईच्या किल्ल्यावर ऊन व्हायच्या आत पोचू या. आज उशी दुमडून बांधलीय, जास्त मऊ झालीय."

दार उघडून सांगायचं, एवढंच काम होतं. मला ते जमलं नाही. त्या 'जास्त मऊ झालीय'मध्ये काय होतं कोण जाणे, मी एक जुना सुती रुमाल घडी करून घेतला आणि "आले" म्हणून ओरडले. शेजारच्या काकूंकडून पुडा परत आणता आला असता, पण ते दार वाजवणं म्हणजे सगळ्या मजल्याला जाहीर करणं. मी ठरवलं, आजचा दिवस त्याला असू द्यावा. सोमवार तर येणारच होता, एक दिवस आधीच आणून काय करायचं होतं?

नालासोपाऱ्याच्या पुढे पश्चिमेच्या रस्त्याला लागल्यावर मी त्याला एका मेडिकलपाशी थांबायला सांगितलं. डोकं दुखतंय, साधी गोळी घेते, म्हटलं. "चालेल ना गोळी तुला?" त्याने विचारलं. "साधी चालते," मी म्हणाले. तो स्कूटरवरच थांबला. मी दुकानदाराला हळू आवाजात सांगितलं, त्याने मान वर न करता पुडा घेतला, वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळला आणि दिला. मी तो पर्समध्ये कोंबून परत येऊन बसले.

"मिळाली?"

"मिळाली."

स्कूटर सुरू व्हायला जरा वेळ लागला. मला वाटलं, थंडीमुळे असेल.

पुढे एका हॉटेलात इडली खाल्ली आणि तिथल्या बाथरूममध्ये मी माझं काम उरकलं. पापडीजवळ चर्चमधून रविवारची माणसं बाहेर पडत होती, चांगलेचुंगले कपडे घालून. घरांवर नाताळच्या चांदण्या अजून लटकत होत्या. नवरा एकेक गतिरोधक असा ओलांडत होता की जणू पुढचं चाक आधी त्याला नमस्कार करतंय. प्रत्येक वेळी मला ओरडावंसं वाटलं, अरे जा ना सरळ, आता कुणासाठी. मी दात आवळून बसले.

वसईच्या किल्ल्यात लग्न ठरलेल्या जोड्यांची जत्रा होती. लांब घोळाचे झगे, धुराच्या कांड्या, पडक्या कमानीखाली एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून उभी असलेली पोरं. फोटोग्राफर त्यांना ओरडून सांगत होता, "नॅचरल, नॅचरल हसा." आम्ही एका भिंतीला टेकून बसलो होतो तर तो आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, काकू, जरा फ्रेममधून बाजूला व्हाल का?"

एरवी काकू म्हटल्यावर मी त्याला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी उठून बाजूला झाले. मनात आलं, बरोबरच आहे, आपण काकूच राहणार. कुणाची तरी काकू, कुणाची मावशी. हे मनात आलं आणि मला रडू फुटलं. मी ते भिंतीवरची मातीची धूळ डोळ्यांत गेल्याच्या नावावर खपवलं. नवऱ्याने रुमाल दिला. काय झालं, असं विचारलं नाही. मला जरा रागच आला, की याला काहीच कसं दिसत नाही.

दुपारी सुरूच्या झाडांत गेलो, समुद्राला लागून. खाली सुया पडून मऊ बिछाना झालेला असतो तिथे. कुटुंबं डबे उघडून बसली होती, मुलं चेंडू खेळत होती. एक चेंडू आमच्यापाशी आला, तो नवऱ्याने पायाने परत दिला. मग म्हणाला, "थांब, मी आलो," आणि टपरीकडे गेला. परत आला तो दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन.

"थंडी आहे," तो म्हणाला आणि एक माझ्या हातात दिला.

इतके दिवस चहाच्या वासालाही मी महाग झाले होते. वाफाळलेला, आलं घातलेला चहा मी दोन्ही हातांत धरून बसले आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे गंमत आहे. कालपर्यंत चहाचं नाव काढलं की डोळे वटारणारा माणूस आज विसरला. फिरण्यात इतका रमला की जी गोष्ट सांभाळायची तीच विसरला. पोटात जे आता नाहीच हे मला कळलंय, ते असतं तरी याला त्याची आठवण नसती राहिली. असं सगळं मनात बडबडत मी तो चहा पिऊन टाकला. चांगला होता. तो समुद्राकडे तोंड करून उभा होता, त्याच्या ग्लासातला चहा तसाच होता आणि वर साय धरली होती.

"पी ना," मी म्हटलं, जरा तिखटच.

"हो," म्हणून त्याने एका दमात गार चहा गिळला.

परतीच्या वाटेवर वाड्यांमध्ये ऊन तिरपं झालं होतं, केळीची पानं वाऱ्याने फाटून लोंबत होती. कमरेतल्या कळेने आता चांगलाच जोर धरला होता आणि ती दुमडलेली उशी खरोखर मऊ होती, याचा मला जास्त त्रास होत होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी गेल्यावर हातपाय धुऊ देऊ, मग सांगू. की सोमवारी दवाखान्यातूनच कळू दे. तो आधी नळ दुरुस्त करायला घेईल, तेव्हा पाना लपवून ठेवावा का, असलंही काहीतरी डोक्यात येत होतं.

पूल ओलांडून पूर्वेला आलो. शाळेमागच्या गल्लीचं वळण आलं. स्कूटर वळली नाही, सरळ गेली.

मी म्हणणार होते, अरे, चुकलास. तोवर समोर तळं आलं. त्याने ब्रेक लावला नाही, बाजूही काढली नाही. पूर्वी जायचा तसा गेला. पुढचं चाक खाली आदळलं, मागचं आदळलं, उशी एका बाजूला सरकली, मी त्याच्या पाठीवर जाऊन आपटले. शिव्या मात्र त्याने घातल्या नाहीत.

पलीकडे गेल्यावर त्याने स्कूटर कडेला घेतली, पाय टेकला, मान वळवली नाही.

"लागलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

तो हँडलवरचं काहीतरी अंगठ्याने खरवडत राहिला.

"डोकेदुखीची गोळी कुणी पेपरमध्ये गुंडाळून देत नाही," तो म्हणाला.

म्हणजे सकाळपासून. इडली, तो किल्ला, त्या फोटोतल्या पोरांसमोरून बाजूला होणं, पायाशी आलेला चेंडू, चहा, सगळं त्याने माहीत असून केलं होतं. मेडिकलपासून सुरूच्या झाडांपर्यंत तो एकेक गतिरोधक सांभाळत होता तो त्याला कळलंय हे मला समजू नये म्हणून, आणि मी दात आवळून बसले होते ते त्याला काही समजू नये म्हणून. माझा दिवस तो राखत होता आणि त्याचा मी. मग चहा देऊन त्याने मला सांगून पाहिलं होतं, आणि मी त्याच्यावर चिडले होते.

मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. त्याचं स्वेटर धुळीने भरलेलं होतं. रस्त्यावरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती, कुणी ओळखीचं असेल तर असो म्हटलं. त्याची पाठ हलायला लागली तशी मी दोन्ही हातांनी त्याला धरलं. आम्ही तिथे तसेच होतो. मग त्याने नाक पुसलं, स्कूटर सुरू केली.

इमारतीच्या फाटकाजवळ एक छोटा खड्डा आहे, नुसता पसाभर. तो आला तेव्हा त्याने सवयीने स्कूटर हळू केली, आणि अलगद कडेकडेने मला त्याच्या पलीकडे नेलं.